मंजूर झालेली रजा

ताई,

आईला एकटीनं सांभाळून तू मेटाकुटीला आलीस आणि मी म्हणतो, रजा मिळत नाही. साफ खोटं. रजा कधीच मंजूर झालीय. माझाच पाय वर्गातून निघत नाही.

आज मागच्या बाकावरची, वर्षभर तोंड न उघडलेली मुलगी म्हणाली, "सर, डोक्यावरून गेलं. परत सांगा ना." तेच गणित मी पुन्हा पुन्हा सोडवलं. शेवटी तिचा चेहरा उजळला आणि माझं पोट भरलं. जाताना म्हणाली, "सर, तुम्ही चिडत कसे नाही हो?"

संध्याकाळी फोनवर आईशी बोललो. "जेवलास का?" तिनं दुसऱ्यांदा विचारलं आणि मी तिच्यावर खेकसलो. क्षणभरातच ती सगळं विसरून, तितक्याच मायेनं म्हणाली, "जेवलास का रे?"

हे तुला पाठवायची हिंमत नाही.

तुझा धाकटा,
लोकांच्या मुलांचा लाडका सर