सिंदीतले दोनशे चौदा शंख

४ जून २००१, सोमवार
कोकणातल्या संशोधन केंद्राकडून मुलाखतीचं पत्र आलं. समुद्री गोगलगायींचं सर्वेक्षण, प्रोजेक्ट असिस्टंट, एक जागा. १६ जुलै, सकाळी अकरा. हातात बेचाळीस दिवस.
पोस्टमनने पाकीट दुकानात बाबांच्या हाती दिलं. बाबांनी विचारलं, "काय व्हय?" म्हटलं, विद्यापीठाचं रूटीन. बाबांना इंग्रजी येत नाही. गोपनीयता शंभर टक्के.
पत्र गोदामात शंखांच्या खोक्यात ठेवलं. खोक्यावर मीच लॅटिन नाव लिहिलेलं आहे, त्यामुळे दुसरं कोणी उघडणार नाही.
निर्णय: आठवडाभरात बाबांना सांगणे. बाबा नाहीच म्हणणार. दुकान मोडून पडेल. मुद्दे तयार ठेवावेत.

९ जून, शनिवार
दुकानातल्या मालाची शास्त्रीय मोजणी पूर्ण. पूजा साहित्य म्हणून लोक जे नेतात त्यात मला सतरा प्रजाती सापडल्या. शंख, कवड्या, गोमती चक्र धरून २१४ नमुने. सिंदी (रेल्वे) पासून समुद्र साडेसातशे किलोमीटर तरी असेल. त्या मानाने संग्रह उत्तम.
आत्याला सांगितलं की गोमती चक्र म्हणजे गोगलगायीचं झाकण. धोका दिसला की ती आत जाते आणि झाकण लावून घेते. भागीरथा आत्या आई गेल्यापासून आमच्याकडे असते आणि दिवसभर वाती वळते. वात न सोडता म्हणाली, "म्हणजे तुह्यासारखीच."
निरीक्षण अशास्त्रीय.

१५ जून, शुक्रवार
सांगितलं नाही. कारण: आष्टीहून एक गृहस्थ घरचा शंख तपासायला घेऊन आले. दक्षिणावर्ती म्हणून घेतलेला. मी सांगितलं, ही अमेरिकेच्या किनाऱ्यावरची जात, तिथे सगळेच असे वळतात, दुर्मीळ काही नाही. गृहस्थ नाराज होतील वाटलं. उलट म्हणाले, "फॉरेनचा हाय म्हणजे!" आणि आनंदाने गेले.
असे प्रसंग बाबांना एकट्याने हाताळता येणार नाहीत. आधी त्यांना ट्रेनिंग, मग विषय काढणे. हा क्रम बरोबर.

२२ जून, शुक्रवार
पत्र खोक्यात उलट्या बाजूने ठेवलेलं सापडलं. घडीही वेगळी. बहुधा उंदीर.
बाबा नागपूरहून मोठी निळी बॅग घेऊन आले. विचारलं तर म्हणाले, "माल आणाले." मग तिला फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकलं. माल आजवर पोत्यातच येत आला आहे. बाबांचे खर्च वाढत आहेत.

२८ जून, गुरुवार
घरात काहीतरी शिजतंय. पुरावे:
बाबा रोज प्रभाकरराव मास्तरांकडे जातात. मास्तर हायस्कुलात इंग्रजी शिकवायचे. धूप संपल्याशिवाय आमच्या दुकानी न येणारा माणूस, आता मला पाहून हसतो.
जेवताना बाबा एकाएकी म्हणाले, "तिकडं पाऊस लय असते म्हणे." कुठे, विचारलं. "असंच, तिकडं."
आत्याने माझ्या चपलेचं माप विचारलं.
निष्कर्ष: स्थळ. बहुधा पुण्याकडचं. अशा वातावरणात मुलाखतीचा विषय काढणं धोक्याचं. थांबावं.

५ जुलै, गुरुवार
गुरुपौर्णिमा. दुकानात उभं राहायला जागा नाही. सांगणं शक्य नव्हतं.
ट्रेनिंगची प्रगती: हिंगणीच्या बाईंना बाबा म्हणाले, "हा अमेरिकेचा व्हय, तिकडं सगळेच असे वळते." माझंच वाक्य, चुकीच्या शंखाबद्दल. बाई खूश. म्हणजे दुकान अजून माझ्यावरच उभं आहे.
वाचन: वाढीच्या काळात गोगलगायीचं शरीर एकशेऐंशी अंशांत पिळतं. त्यामुळे विष्ठेची वाट थेट डोक्यावर येते. कोट्यवधी वर्षं त्या तशाच जगल्या, हजारो जाती झाल्या. कशाचीही सवय होते.

११ जुलै, बुधवार
रिझर्व्हेशन केलेलं नाही. खिडकीपर्यंत गेले होते. खिडकीवरचा माणूस बाबांच्या ओळखीचा, त्यांना भैय्याजी म्हणणारा. "भैय्याजीचं काम झालं ना?" म्हणाला. कसलं काम ते विचारलं नाही, नाहीतर त्याने माझंही विचारलं असतं. परत आले.
उद्या बाबांना नक्की सांगणे. उद्या किंवा परवा.

१४ जुलै, शनिवार, सकाळ
अघटित. दुकान बंद. बाबा इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर बसलेले. मला दोनदा विचारलं, "काही सांगाचं हाय काय?"
पाहुणे येणार, हे उघड होतं. मी नाही म्हटलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.
दुपार. कोणी आलं नाही. बाबा सदरा बदलून दुकानात गेले. स्थळ फिसकटलं. सुटले.

१६ जुलै, सोमवार
अकरा वाजून गेले. मी शंख पुसत होते.
संध्याकाळी सांगून टाकलं. भाषण पाठ होतं: तुमच्यासाठी, दुकानासाठी मी संधी सोडली, तक्रार नाही.
बाबा म्हणाले, "मग काऊन नाई गेली?"
पत्र शंख काढताना त्यांना सापडलं होतं. मास्तरांनी वाचून दाखवलं. चौदा तारखेची दोन तिकिटं काढली होती, तेही सोबत येणार होते. शनिवारी रद्द केली.
विचारलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, "एवढी शिकलेली पोरगी. शनवारी इचारलं त नाई म्हणली, म्या समजलो तुह्या मनात नसन. जबरदस्ती कायले कराची? तसाबी समुद्र म्या कुठं पाह्यला होता."
आत्याने वाती बाजूला ठेवल्या. "बाप काय न् लेक काय, शंख हाय दोघंबी. कोनी फुकल्याबिगर वाजत नाई."


२३ जुलै, सोमवार
पहिला श्रावण सोमवार. पहाटेपासून गिऱ्हाईक. मला उसंत नव्हती, हे नोंदवून ठेवते.
गोदामात ओल येते म्हणून संग्रह हलवला. निळी बॅग माळ्यावर रिकामीच होती. २१४ नमुने नीट बसले. चेन लागते.
बाजूच्या कप्प्यात प्लास्टिकच्या चपला सापडल्या. कोऱ्या, दोऱ्याने एकत्र बांधलेल्या. पाच नंबर.
माप बरोबर आहे.