काळ्या वाळूवर तिळाचं पाणी

प्रिय अहो,

आज तुमचं तेरावं झालं. कॉव्हेंट्रीतली सगळी आपली माणसं जेवून गेली. जाताना कुलकर्णी वहिनी माझे हात धरून म्हणाल्या, "डॉक्टरांनी तुम्हाला किती जपलं हो! त्या क्रूझच्या वेळी तर..." मी मान डोलावली. चारचौघांत आणखी काय करणार? पण भांडी तशीच टाकून हे लिहायला बसले आहे, कारण आता नाही बोलले तर घुसमटून जाईन.

ती क्रूझ! माझी केवढी हौस होती! साउथॅम्प्टनला बोटीवर चढले ती नवी हिरवी साडी नेसून. जेवणाच्या टेबलावर रोज पुडिंग दोनदा मागून खाल्लं. तुम्ही समोर बसून हसत होतात. कसं जमलं हो तुम्हाला?

तेनेरीफ बेटाला बोट लागली तेव्हा डोंगर बघून मी लहान मुलीसारखी ओरडले. बसने आपल्याला वर नेलं. चहूकडे भाजून निघालेले दगड, झाड म्हणून नाही. मी म्हटलं, "तात्यांना हे दाखवायला हवं होतं." माझ्या वडिलांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला, ज्वालामुखी म्हणून फळ्यावर खडूने काढला तेवढाच. तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात.

खाली आल्यावर मी त्यांच्यासाठी डोंगराचं पोस्टकार्ड घेतलं. 'तीर्थरूप तात्यांस' लिहून बारीक अक्षरात सगळं भरलं. तिकीट तुम्ही चिकटवलंत. स्वतःच्या हाताने! हे मात्र मी कधीच विसरणार नाही.

कार्ड पेटीत टाकून परत आले, तर तुम्ही किनाऱ्यावर काळ्या वाळूत अनवाणी. शर्टाची बटणं उघडी, एरवी तुम्ही विसरून गेलेलं जानवं उजव्या खांद्यावर, आणि ओंजळीतून पाणी सोडताय. पाण्यात काळे तीळ. माझ्याच स्वयंपाकघरातले, रुमालात बांधून आणलेले. जानवं उजव्या खांद्यावर गेलेल्या माणसाला पाणी देतानाच घेतात, ते मला ठाऊक नव्हतं का? तुमच्या वडिलांची तिथी तर माघातली, आणि माघ केव्हाच सरला होता.

"कोणाचं करताय?" मी विचारलं.

"तात्यांचं," तुम्ही म्हणालात. "निघायच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तुझ्या भावाचा ट्रंककॉल आला होता."

"आणि मला आत्ता सांगताय?"

"अगं, तुझा हॉलिडे स्पॉइल करायचा नव्हता मला. फ्लाइटने गेली असतीस तरी काय, सगळं उरकलेलं असतं."

उरकलेलं असतं! पण आई होती ना तिथे? तिच्या कुशीत तर शिरले असते. बाप माझा, आणि त्याच्यासाठी रडायचं कधी हे तुम्ही ठरवलंत. मी पुडिंग खात असताना तुम्हाला माहीत होतं. त्या साडीला मी परत हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी आपल्या टेबलावरच्या इंग्लिश बाई हळूच म्हणाल्या, "आय ॲम सो सॉरी अबाउट युअर फादर. युअर हजबंड टोल्ड अस द फर्स्ट इव्हनिंग." पहिल्याच संध्याकाळी! परक्या बाईला सांगितलंत आणि बायकोला नाही?

वर पुढे पाहुण्यांना कौतुकाने सांगायचात, "हिला कसं जपलं मी!" मी चहा ओतत असायचे. तुम्ही वाईट नव्हतात, म्हणून तर जास्त राग येतो. वाईट माणसाशी भांडून तरी मोकळं होता येतं.

आज सकाळी पुण्याहून तुमच्या दादांचा फोन आला. म्हणाले, "सुमन, आईला अजून काही सांगितलेलं नाही. तो कामात आहे म्हटलंय. तिचं वय बघ. तूही पत्रातून तसंच लिहीत जा."

अहो, तुमच्या आईला! तिचा मुलगा जाऊन तेरा दिवस झाले आणि ती तुमच्या पत्राची वाट बघत बसली आहे.

मी दादांना सांगितलं, मी येतेय. तुम्हाला मी माफ केलेलं नाही, अजून तरी नाही. पण हा शब्द देते: तुमच्या आईच्या शेजारी बसून, तिचा हात हातात घेऊन, तिला मी स्वतः सांगेन. काहीही मऊ न करता. दादा ओरडले तरी. मग ती रडेल, आणि तिला कोणी गप्प करायला आलं तर मी दार लावून घेईन.

तुमचीच,
सुमन