जावई जर्मन, शब्द जर्मानिक

३ डिसेंबर, सकाळ
हेमांगीचा फोन. पुण्यातल्या ऑफिसातल्या लुकास नावाच्या जर्मन मुलाशी लग्न करायचंय. रविवारी जळगावला घेऊन येतेय. जन्मभर इंग्रजी शिकवलेल्या बापाला मुलगी विचारत नाही, कळवते! तिची आई कुंदा म्हणाली, निदान रागावू नका. मी शांतच होतो. ताटली आपोआप पडली.

४ डिसेंबर
ठरलं. मोठ्या मनाने स्वागत. पण सासरा कोण आहे, हे त्याला आधी कळलं पाहिजे. नेटवर सापडलं: इंग्रजीतला ‘ट्री’ प्राचीन जर्मानिक, म्हणजे इंग्रजी-जर्मनच्या आद्य भाषेतल्या, शब्दापासून आला. ‘ट्रू’, ‘ट्रस्ट’सुद्धा त्याच मुळाचे असावेत, झाडासारखं पक्कं ते खरं. आपले दारु, द्रुम, देवदार त्यांचेच भाऊबंद. म्हणजे लुकास आणि मी मूळचे एकाच घरचे. छोटंसं भाषण करीन. इंग्रजीत.

५ डिसेंबर
भाषण लांबलं. शेजारच्या रुपचंदभाऊंना ऐकवलं. ‘दारु’ आल्यावर जागे झाले. जावई पितो का, म्हणाले. दारु ऱ्हस्व, म्हणजे लाकूड, हे सांगेपर्यंत उठून गेले. संध्याकाळी गल्लीभर झालं, मास्तरांचा जावई पितो. कुंदा रडली. यात माझी काय चूक?

६ डिसेंबर
हेमांगीने विचारलं, आप्पा, लग्नाला तुमचं हो ना? म्हटलं, उद्या भाषणातून कळेल. फोन कट झाला. नेटवर्क.

७ डिसेंबर, रविवार
पोरगा उंच, नम्र. वाकून पाया पडला. चहाआधीच सुरू केलं. मध्येच विचारलं, तुमच्यात झाडाला काय म्हणतात? म्हणाला, बाउम.
पुन्हा विचारलं. बाउमच!
मी समजावलं, तू चुकतोयस. जर्मन आहेस, जर्मानिक शब्द तुझ्याकडे असायलाच हवा. बिचाऱ्याने मोबाईलमध्ये शोधून दिलं, वाखोल्डर नावाच्या झुडपाच्या नावात शेवटच्या ‘डर’मध्ये तो शब्द जरासा उरलाय. शेपटापुरता! हेमांगी खाली बघत होती. कुंदा म्हणे, तुमनं झाड ऱ्हाऊ द्या, जेवाले बठा.
मी उठलो. जाडी डिक्शनरी माळ्यावर होती. स्टूल सापडेना.

त्याच दिवशी, संध्याकाळ
पोरं गेली. लुकासने भरीत दोनदा मागून घेतलं म्हणे. मी माळ्यावर होतो तेवढ्यात त्याने कुंदाला रीतसर विचारलं, हेमांगीने मराठीत सांगितलं, आणि लग्न ठरलं.
म्हटलं, आणि माझं हो?
कुंदा भांडी घासता घासता म्हणाली, ते मीच सांगी टाकं.
तारीख विचारायची राहिली.