मागच्या सीटची गाडी

४ ऑक्टोबर, शुक्रवार

नापास! आणि तेही गाडीमुळे!!

घर पास. धुराचा अलार्म पास. मुलींची खोली तर पहिल्या नंबरानं पास. भिंतीचा पिवळा रंग बघून बालकल्याणच्या मिसेस ओडम चक्क हसल्या. तीन महिन्यांत पहिल्यांदा. मग त्यांनी खिडकीचा पडदा सारला.

"ती पिकअप कुणाची?"

माझीच.

"दोनच सीट?"

दोनच.

"मग मुली कुठे बसवणार लिडिया? मागच्या हौद्यात?"

बोटांचे ठसे दिले, दाताच्या डॉक्टरचं नाव दिलं, शेजाऱ्यांची पत्रं आणली, आणि मुली बसणार कुठे हे डोक्यातच आलं नाही. कॉलेज शिकलेली बाई मी. धन्य!

वेळ गुरुवारपर्यंत, म्हणजे १७ तारखेपर्यंत. मागं सीट असलेली गाडी, माझ्या नावावर, विमा काढलेली, मागे लहान मुलांच्या दोन खुर्च्या पक्क्या बसवलेल्या. हे झालं तर शनिवारी १९ ला मेझी आणि टिल्डा माझ्याकडे येणार. राहायला! नाही झालं तर पुढची तारीख जानेवारीत. तोवर त्या फिंडले गावातच, त्या परक्या घरी. वाईट लोक नाहीत ते. पण परके.

जाता जाता दारात म्हणाल्या, "आणि तुमची बहीण दिसली, तिचा फोन आला, काहीही झालं, तर मला त्याच दिवशी कळवायचं. लपवलंत तर मुली परत जातील. मला आवडो न आवडो."

हो म्हटलं. कोरिन कुठली दिसतेय! एप्रिलपासून पत्ता नाही. पोटच्या दोन पोरी शेजारणीकडे 'तासाभरात येते' म्हणून ठेवल्या आणि गेली. नशेच्या गोळ्यांच्या मागे. मी तिच्या नंबरला अजून रविवारी फोन लावते. तो नंबर आता कुणा प्लंबरचा आहे. तो बिचारा नीट बोलतो.

तेरा दिवस. गाडी!

५ ऑक्टोबर

स्टॅशमामाला घेऊन गाड्यांच्या तीन दुकानांत. मामानं पस्तीस वर्षं मोटारींच्या कारखान्यात दारं बसवली. खिशात मोज्यात गुंडाळलेलं लोहचुंबक घेऊन फिरतो. गाडीच्या अंगावर ठिकठिकाणी लावायचं. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर आत पुट्टी भरलीय.

विकणारा ब्रॉक. माझ्याच वयाचा, दात फार पांढरे.

"मुलं आहेत ना मॅडम? मग उंच गाडी घ्या. सेडान आता कोण घेतं? म्हातारे."

"मी इथंच उभा आहे," मामा.

"सॉरी सर."

"सॉरी नको. सेडान दाखव."

सेडान पार मागं, कचऱ्याच्या पेटीशेजारी. तीनच. लाज वाटत असल्यासारख्या उभ्या. पहिलीच्या दारावरून चुंबक सरळ खाली, मामाच्या बुटावर.

"चुंबक जुनं झालं असेल," ब्रॉक.

"चुंबक जुनं होत नाही बाळा."

दुसरीखाली मामा आडवा झाला. अडुसष्टाव्या वर्षी! बाहेर आला ते बोट वर करून. गंजातून आरपार गेलं म्हणे. आमच्या टोलेडोचे हिवाळे, बर्फ वितळायला रस्त्यावर टाकतात ते मीठ, दुसरं काय होणार! तिसरीच्या बॉनेटवर मामानं नुसता तळहात ठेवला आणि "चल" म्हणाला. का? "गरम आहे. आपण यायच्या आधी कुणीतरी चालवून ठेवलीय. थंड इंजिन खरं बोलतं. गरम झालं की पाहुण्यांसमोर बोलल्यासारखं बोलतं."

ब्रॉक तरी तीनदा आत 'मॅनेजरला विचारायला' गेला. "आजच्या आज घेतलीत तर…"

मामा म्हणे, आत मॅनेजर नाहीये. कॉफी आहे.

घरी रिकाम्या हातानं. पण हसून हसून पोट दुखतंय.

७ ऑक्टोबर

मेझीचा फोन. सहा वर्षांची, पण फोनवर साठीची.

"मावशी, गाडी कुठल्या रंगाची?"

अजून घेतली नाही गं.

"मग काय करत होतीस इतके दिवस?"

!!!

टिल्डानं मागून ओरडून सांगितलं, तिला खिडकी पाहिजे. मेझीलाही पाहिजे. दोघींना मिळेल म्हटलं. गाडीला दोन बाजू असतात, हे आज पहिल्यांदाच एवढं आवडलं मला.

८ ऑक्टोबर

किराणा दुकानाच्या फळ्यावर कार्ड! हातानं लिहिलेलं, जुनं वळणदार अक्षर—

*मध्यम सेडान. अकरा वर्षं. एकच मालकीण. फालतू लोकांनी फोन करू नये.*

तिथंच उभ्या उभ्या केला.

"तू फालतू आहेस का?" पलीकडून म्हातारा आवाज.

"नाही… म्हणजे तशी नाही."

"ठरव आणि उद्या चारला ये. बूट पुसून."

९ ऑक्टोबर

काय बाई आहे! काय गाडी आहे!!

मिसेस क्रूगर. वय एक्क्याऐंशी, सिल्व्हेनियात एकट्या. मुलानं किल्ल्या काढून घेतल्या, कारण गाडीनं शेजाऱ्यांचा रस्त्याकडेचा पत्रांचा डबा पाडला. दोनदा. "दोन्ही वेळा तोच डबा," त्या म्हणाल्या, "म्हणजे चूक कुणाची?"

गाडी बिस्किट रंगाची. अजिबात देखणी नाही. बँकेतल्या कारकुनासारखी दिसते. पण दार लावलं की कसा आवाज! जाड, मऊ. वहीचा पुठ्ठा मिटल्यासारखा. आणि मागची सीट! ऐसपैस. मी आधी मागेच जाऊन बसले. मिसेस क्रूगर बाहेरून बघत राहिल्या. "चालवायला आलीस ना? मग तिथं काय करतेस?"

मग चालवली. त्या शेजारी बसून. मांडीवर पर्स, पायाखाली ब्रेक नसताना ब्रेक दाबत.

"पिवळा होता!"

"पिवळाच होता ना—"

"पिवळा म्हणजे थांब. तुम्हा पोरांना पिवळा म्हणजे पळ."

पुढे उलटतपासणी. सिगरेट? नाही. गाडीत बसून तळलेले बटाटे खातेस? (खाते. नाही म्हटलं.) मीठ पडलं की आठवड्याला खालून धुशील? धुईन. लग्न? नाही. काम? छापखान्यात. आणि लिहिते. "काय लिहितेस?" सांगितलं—कादंबरी, पानं कुठूनही वाचता येतील अशी. "म्हणजे तुलाच माहीत नाही पहिलं कुठलं," म्हणाल्या. कॉलेजात चार वर्षं कुणी एवढं खरं बोललं नव्हतं!

मग— "मागे कोण बसणार?"

खरं सांगितलं सगळं. कोरिन, गोळ्या, शेजारीण, फिंडले. गाडी चालवताना सांगायला बरं पडतं, तोंडाकडे बघावं लागत नाही. लाल सिग्नलला थांबले, त्यांनी मांडीवरची पर्स सरळ केली. मग म्हणाल्या, "हिरवा झाला."

परतल्यावर कळलं, दुसरं गिऱ्हाईक आहे. मुलाचा मित्र, पाचशे डॉलर जास्त देतोय. रंग मारून पुढे विकणार. उद्या सांगते म्हणाल्या.

अरे देवा. उद्या!

१० ऑक्टोबर

फोन नाही. छापखान्यात एका लग्नपत्रिकेवर नवऱ्याचं आडनाव उलटं छापलं. शंभर प्रती.

रात्री ८. आला!!! "शनिवारी तुझ्या त्या मामाला घेऊन ये. सकाळपासून इंजिन थंड ठेवते." मी मामाचा हात-बॉनेट प्रकार सांगितलाच नव्हता. त्यांना आधीच माहीत! मग म्हणाल्या, "तो पाचशेवाला मागची सीट न बघताच गेला." आणि फोन ठेवला.

स्वयंपाकघरात एकटी नाचले. शेजारच्या घरातून ठोकलं भिंतीवर.

१२ ऑक्टोबर

दोन पहिलवान समोरासमोर. मामा गाडीखाली, मिसेस क्रूगर खुर्ची टाकून वर.

"काय शोधताय मिस्टर?"

"गंज."

"माझ्या अंगात शोधा, गाडीत नाही सापडायचा."

चुंबक सगळीकडे चिकटलं! एका ठिकाणी सोडून. पुढचा डावा कोपरा.

"तो पत्रांचा डबा," मिसेस क्रूगर. "दुसऱ्या वेळचा."

मामानं तिथल्या तिथं दोनशे कमी करून मागितले. त्यांनी एक डॉलर कमी केला नाही. पण बर्फात चालवायचे चार टायर दिले, वर सफरचंदाचा अख्खा केक. मामा केक मांडीवर घेऊन घरी आला. "बाई डोक्यानं पक्की आहे," एवढंच म्हणाला. पण दोनदा म्हणाला!

पिकअप विकली. मधमाश्या पाळणारा एक माणूस घेऊन गेला, मागे पेट्या ठेवायला. नोव्हेंबरात तिच्यातून न्यू मेक्सिकोला जायचं होतं मला. हौद्यात गादी टाकून, वही घेऊन, परत कधी यायचं ते न ठरवता. गल्लीच्या टोकाला तिनं उजवं वळण घेतलं. मला वाटलं होतं रडेन. भूक लागली फक्त.

१४ ऑक्टोबर

सुट्टी. बँका बंद. नखं संपली.

१५ ऑक्टोबर

सत्यानाश.

आमच्याकडे गाडीच्या कागदावर विकणाऱ्यानं नोटरीच्या समोर बसून सही करायची असते. मिसेस क्रूगरनी बँकेत पर्स उघडली, कागद काढला आणि अभिमानानं टेबलावर ठेवला. सही करून! रविवारीच! "तुम्हा लोकांचा वेळ नको जायला म्हणून."

नोटरी बाई कागदाकडे बघतायत. मी नोटरी बाईंकडे.

"माझ्यासमोर करायची होती, मॅम. आता हा कागद बाद."

"पण सही माझीच आहे. मला विचारा ना, मी इथंच आहे!"

नाही म्हणजे नाही. दुसरी प्रत काढायची, तीही दुसऱ्या कार्यालयातून. ते साडेचारला बंद, आणि घड्याळात चार पस्तीस. बाहेर आल्यावर मिसेस क्रूगर गाडीत बसल्या, मांडीवर पर्स उघडीच. इतक्या दिवसांत पहिल्यांदा म्हाताऱ्या दिसल्या. "मुलगा बरोबर बोलतो," म्हणाल्या. "काढून घेतात ते बरोबरच."

मी म्हटलं, मी तीन महिने दोन सीटच्या गाडीवर दोन पोरी मागत होते. माझं काय काढून घ्यायचं?

हसल्या. थोड्याच.

आता एकच दिवस हातात. परवा १७.

१६ ऑक्टोबर

कार्यालय उघडायच्या आधी आम्ही दोघी दारात. पहिला नंबर! दहा वाजता नवी प्रत हातात, साडेदहाला बँकेत. मिसेस क्रूगर हात मांडीवर घट्ट धरून बसलेल्या. "सांगितल्याशिवाय पेनाला शिवणार नाही मी." नोटरीबाईंनी "आता" म्हटलं आणि त्यांनी सही केली. अशी सावकाश, पहिलीतल्या मुलीसारखी. शिक्का पडला. ठप्प!

माझी! माझी! माझी!

विमा झाला, नंबर प्लेट मिळाली, मामानं स्वतः लावली. दोन इंच लांबून बघत, सरळ आहे का म्हणून. पाच वेळा.

१७ ऑक्टोबर

दुपारी अग्निशमन केंद्रात. मुलांच्या खुर्च्या नीट बसल्या का, ते आग विझवणारेच तपासून देतात, आणि मिसेस ओडमना त्यांच्या सहीचा कागद हवा होता.

डेसमंड नावाचा धिप्पाड माणूस. खुर्ची मी बसवलेली, तासभर घाम गाळून. त्यानं दोन बोटांनी हलवली. डुगडुगली! "ही खुर्ची मुलीला नाही धरणार, मॅडम. ही बाहुली धरेल." मग सगळं सोडवून माझ्याकडूनच परत करून घेतलं. गुडघा खुर्चीत रोवायचा, सगळं वजन टाकायचं आणि पट्टा ओढायचा. "अजून. अजून! राग आला असेल कुणाचा तर तो आठवा." मी कोरिनला आठवलं. पट्टा असा आवळला की डेसमंडच म्हणाला, बस बस!

दोन्ही खुर्च्या खडकासारख्या. कागदावर लिहिता लिहिता त्यानं विचारलं, "कुणाच्या मुली?"

तोंडातून 'बहिणीच्या' यायला हवं होतं. "माझ्या" आलं.

पाचला दहा कमी असताना मिसेस ओडम. दार उघडलं, खुर्ची धरून हलवली. गाडीच हलली, खुर्ची नाही. कागद बघितला. "शनिवारी सकाळी दहाला फिंडलेहून घेऊन या," म्हणाल्या. मी त्यांना मिठी मारली. नियमात बसतं की नाही माहीत नाही.

पास!!!

१८ ऑक्टोबर

रिकाम्या खुर्च्या मागे घेऊन विनाकारण गावभर फिरले. पिवळ्याला थांबले. प्रत्येक पिवळ्याला.

१९ ऑक्टोबर, सकाळी सव्वासात

गाडीत बसून लिहितेय. ड्रायव्हरच्या सीटवर. हीटर लावलाय.

कोरिन मागे आहे.

रात्री गाडीचं दार लॉक करायला विसरले असणार. दोन खुर्च्यांच्या मधल्या जागेत बसूनच झोपलीय. केवढीशी झालीय, मावलीय तिथं. अंगावर माझाच जुना कोट, कॉलेजातला. एक हात टिल्डाच्या खुर्चीच्या पट्ट्यात अडकवलाय, मनगटापर्यंत. श्वास चालू आहे. चारदा बघितलं.

मुली दहाला वाट बघणार. मिसेस ओडमना फोन आत्ताच केला. आधी ठरवत बसले असते तर केला नसता. त्या निघाल्यात. वीस मिनिटं.

तेवढी झोपू दे.