मोठ्या टाकीतलं हिरवं खाद्य

प्रिय धाकट्या,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र मासे पोचवायला निघालेल्या आपल्या टेम्पोवाल्याच्या हाती देते आहे. रागवायचं असेल तर नंतर रागाव, आधी वाच.

इथे सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय. मासळीच्या भुकटीचं खाद्य करणारा कारखाना बंद पडला. समुद्रात बारीक मासळीच मिळेना, तर ते दळणार काय? आपल्याकडचं खाद्य संपलं आणि मोठ्या टाकीतले मासे उपाशीपोटी एकमेकांच्या शेपट्या कुरतडायला लागले. गोदामात उरलं होतं फक्त तुझं, सूक्ष्म शेवाळापासून केलेलं हिरवं खाद्य. ज्याच्यावरून तुझं नि बाबांचं वाजलं आणि तू घर सोडलंस, तेच.

बाबांची सवय तुला ठाऊकच आहे. स्वतः चाखल्याशिवाय ते माशांना दाणा टाकत नाहीत. तुझ्या खाद्याला मात्र त्यांनी बोटही लावलं नव्हतं. शेवाळ घासून काढायचं असतं, खायला घालायचं नसतं, असं म्हणाले, तेही पाहुण्यांसमोर. तुला ते किती लागलं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

काल त्यांनी तो हिरवा दाणा तोंडात टाकला. तोंड वाकडं केलं, आणखी एक घेतला आणि म्हणाले, समुद्रातली बारीक मासळी हेच तर खाते. अरे, तू वर्षभर घसा कोरडा करून हेच सांगत होतास! मी तोंड फिरवून हसून घेतलं.

माशांनी आधी ढुंकूनही पाहिलं नाही. दाणे तळाशी जायला लागले, आता पाणी नासणार असं मला वाटलं. बाबा काठावर उकिडवे बसून थोडं थोडं टाकत राहिले. शेवटी एका माशाने दाणा गिळला, मग बाकीचे तुटून पडले.

पण हे खाद्य फार तर आठवडाभर पुरेल, आणि तुझ्या खोलीतल्या काचेच्या नळ्यांमधलं शेवाळ पिवळं पडायला लागलंय. मी हवा वाढवून पाहिली, उजेड कमी करून पाहिला, काही उपयोग नाही. ते मेलं तर मासेही जातील आणि खरं सांगू, बाबाही खचतील. त्यांनी मला बजावलंय, शेवाळ पिवळं पडतंय एवढंच कळव, ये म्हणून लिहू नकोस. मी कधी ऐकलंय त्यांचं? ये. टेम्पोवाला तुझ्या दारात थांबेल. परतताना त्याच्या शेजारची जागा मोकळी ठेवायला बाबांनीच सांगितलंय.

तुझीच,
ताई