थव्यावर ओरडले त्याची गोष्ट

नातीच्या आजोबांना तिच्या आजीचा दुरून नमस्कार. मी सांगते, ती लिहिते. अक्षर बघून मी शिकले असं समजू नका.

मी ठणठणीत आहे. काल गारठ्यात नात मला शेतांतून पाखरं बघायला घेऊन गेली. तिच्यासोबतचे सगळे दुर्बिणी लावून गप्प उभे. तेवढ्यात उभ्या पिकात थवा उतरला आणि माझ्या तोंडून "हाऽ हाऽ हुर्र!" निघालंच. पाखरं उडाली! नात म्हणाली, "अगं आजी, बघायला आलोय, राखायला नाही!"

हसू नका. तेव्हा मला तुम्हीच दिसलात, दुखऱ्या गुडघ्याने राखणीच्या माळ्यावर चढताना. शिडीवरून घसरलात, हे आपल्या धाकट्या लेकाने कळवलं. तुम्ही का लपवलंत?

आता चढू नका. खाऊ द्या पाखरांना. मी आले की बांधावर बसून दोघं बघू. मी ओरडलेच, तर तोंड दाबा माझं. इतक्या वर्षांत तेवढंच राहिलंय.

खालचा अंगठा माझाच.
तुमची कारभारीण