सुजाताची जागा

३ नोव्हेंबर, सोमवार
प्रज्ञाने पाठवलेलं खोकं आलं. माइक, स्टँड, हेडफोन आणि एक तळहाताएवढा डबा. लेकीने फोनवर समजावलं, "बाबा, माइक डब्यात, डबा लॅपटॉपमध्ये. बस." तिच्या त्या 'बस'मध्ये माझी अख्खी दुपार गेली. शेवटी हिरवा दिवा लागला. मी ओरडलोच. तिची आई, सु., दारात उभी होती, हसली. हल्ली हसते तेव्हा आवाज येत नाही.

५ नोव्हें.
स्टुडिओ म्हणजे आमची बेडरूम. दिलीप बघायला आला. आमच्या गाण्याच्या ग्रुपचा साऊंड त्यानेच सांभाळला इतकी वर्षं. आल्या आल्या ओरडला, "अरे भाऊ, गिटारच्या होलसमोर काय लावतोस माइक! नुसता भुंगा येईल. बाराव्या पट्टीकडे तोंड कर, वीतभर लांब." कपाट उघडं ठेवायला सांगितलं, कपडे आवाज पितात म्हणे.
भिंतींना गोधड्या टांगल्या. सासूबाईंनी जालन्याहून पाठवलेल्या, सु.नेच काढून दिल्या. खिडकीवर पातळवाली. तिच्यातून ऊन जुन्या लुगड्यांचे रंग घेऊन आत येतं. पलंग, भिंत, माझे हात, सगळं फिकट जांभळं. आपण घाटकोपरात नाहीच, कुठेतरी तंबू ठोकून बसलोय असं वाटलं. अर्धा तास एक तार छेडली नाही.

७ नोव्हें.
विमानं! पंचवीस वर्षं डोक्यावरून जातायत, मला कधी ऐकू आली नाहीत. माइकला सगळी येतात. शिवाय कबुतरं. शिवाय शेजारच्या परबवहिनींचा कुकर. त्यांना भीत भीत सांगितलं, तर म्हणाल्या, "माका आधी सांगा हां, मी कुकर मागसून लावतंय." तेव्हा वेळ ठरली, दु. दोन ते चार. बिल्डिंग झोपलेली असते. दोन विमानांच्या मधे जे बसेल ते वाजवायचं.

८ नोव्हें.
एकदा नीट लिहून ठेवतो. आठ गाणी. सगळी सु. गायची ती. लग्नांत, जयंतीच्या कार्यक्रमांत, तीस वर्षं ती पुढे माइकवर आणि मी मागे डावीकडे खुर्चीत. मागच्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं. गाणं गेलं, बोलणं कुजबुजण्याइतकं उरलं. नुसत्या गिटारवर गाणी करायची कल्पनाही तिचीच. "बोटं चालतायत तोवर वाजवून ठेव रे."
मला भीती वाटते. तिच्याशिवाय ही गाणी उभीच राहणार नाहीत, ही एक. दुसरी याहून वाईट. उभी राहतील.

१० नोव्हें., सोम.
पाळण्याचं गाणं रेकॉर्ड केलं. हेडफोन लावून ऐकलं आणि गार पडलो. दोन ओळी छान वाजतात, मग हात मागे सरतो. नुसते हलके ठोके. तिथे ती श्वास घेऊन वर जायची, म्हणून मी बाजूला व्हायचो. आजही झालो. कुणाला वाट करून देत होतो?
दिलीपला पाठवलं. त्याचा फोन, "साऊंड झकास रे. पण सिंगर कुठाय?" मग "सॉरी यार."

१२ नोव्हें.
सात टेक. त्या जागेवर आलं की हात आपोआप उठतो. शहाण्या माणसासारखं गिटार ठेवून दिलं आणि हेडफोन घालून पडलो. माइक चालूच होता. खोलीचा आवाज किती मोठा असतो. पंखा, लांब कुणीतरी बादली भरतंय, माझाच श्वास. त्यातच डोळा लागला. झोपेत कुठल्यातरी मांडवात होतो, खुर्च्या रिकाम्या, सु. माइकसमोर उभी, आणि मला तिची पाठच दिसत होती. तीस वर्षं मी तिची पाठच तर पाहिली.

१५ नोव्हें.
तिला ऐकवलं. डोळे मिटून ऐकत होती. ती जागा आली की गळ्यावरचा व्रण हलायचा. आवाज नाही. मला बघवेना.
हेडफोन काढून म्हणाली, "इथे माझी जागा सोडलीयेस."
"सवय गं."
"वाईट सवय. लोकांना वाटेल, वाजवणारा विसरला." मग हेडफोन माझ्या हातात देत, "भर ती."
"आणि तू?"
"मी ऐकेन. मागे काय वाजतं ते मला कधी ऐकायलाच मिळालं नाही."
बाथरूममध्ये जाऊन रडलो. नळ सोडून.

१८ नोव्हें.
सु. समोर पलंगावर. गाऊन दाखवता येत नाही, म्हणून बोटाने हवेत काढते. वर, थोडं थांबून, वळण घेऊन खाली. मी तारेवर शोधतो. "तिथे नाही रे. पुढे जा, मग परत ये." किती छळते! पण गुरू म्हणून अशी कधी भेटलीच नव्हती. चार कधी वाजले कळलं नाही. वहिनींच्या कुकरने सांगितलं.

२१ नोव्हें., शुक्र.
झालं. एका टेकमध्ये, सबंध. शेवटचा सूर विरला आणि मग विमान आलं. ऐकलं. गाणं उभं आहे, चांगलं उभं आहे. इतका आनंद झाला की लगेच लाज वाटली.
दोन्ही टेक प्रज्ञाला पाठवले. ती विचारतेय, बाबा, दोन्हीतलं कुठलं ठेवायचं, जागा सोडलेलं की भरलेलं? म्हटलं, आईला विचारून सांगतो.
सु.ला दोन्ही लावून दिली. चहा आणून ठेवला, तो निवला. गोधडीमागचं ऊन पलंगावरून तिच्या पायांवर आलंय. ती डोळे मिटून बसलीय, बहुतेक पाचव्यांदा ऐकतेय. दोन्हीतलं कुठलं, ते कळायला मार्ग नाही. मघाशी विचारलं, "सुजाता, कुठलं गं?" हेडफोनमुळे तिला ऐकू गेलं नाही. पुन्हा विचारलं नाही.